गरोदरपणावरच्या रिसर्चमध्ये नाव द्यायचंय? सांगली-मिरजेकडच्यांनी आधी हे वाचा

माझ्या जावेचं पहिलं बाळ 33 आठवड्यांत झालं, वीस दिवस काचेच्या पेटीत होतं. दुसऱ्या वेळी एका दवाखान्यात तिला विचारलं की वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणांवर अभ्यास चाललाय, भाग घेणार का, तर ती लगेच हो म्हणाली, पण तिची पहिली सोनोग्राफीच पाचव्या महिन्यात झालेली, म्हणून नाव घेतलंच नाही. फार वाईट वाटलं तिला. तेव्हापासून जे विचारून, वाचून कळलं ते लिहितेय.

सगळ्यात आधी आठवड्यांचं बघा. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत झालं तर ते बाळ प्रीटर्म धरतात, 28 च्या आत असेल तर फारच लवकरचं. आता आपल्याकडे विचारलं की "सातवा लागलाय", पाळीची तारीख विचारली की "गणपतीच्या आसपास", मग कशावरून ठरवणार बाळ लवकर झालं का वेळेवर होऊन वजनाला कमी आहे? म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी लागते, तेव्हा बाळाची लांबी मोजून आठवडे बरेच अचूक निघतात, पुढं पुढं फरक वाढत जातो. (आणि सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही असं म्हणतात ना, ते खरं नाही. पोटात जेवढे जास्त आठवडे तेवढं बाळाला चांगलं.)

पात्रता प्रत्येक अभ्यासाची वेगळी असते. गुरुग्रामच्या सरकारी दवाखान्यात 2015 पासून गर्भिणी नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, त्यात 20 आठवड्यांच्या आतल्याच बायका घेतल्या. आपल्या शेजारी बेळगावात आणि नागपुरात अ‍ॅस्पिरिनची ट्रायल (म्हणजे औषधाची चाचणी) झाली, गोळीनं वेळेआधीची बाळंतपणं कमी होतात का ते बघायला, ती सहा देशांत मिळून जवळपास 12 हजार बायकांवर होती. त्यात फक्त पहिलटकरणी आणि त्याही 14 आठवडे पूर्ण व्हायच्या आतल्या. 2020 ला रिझल्ट आला, गोळी घेतलेल्यांत वेळेआधी बाळंतपण 11.6 टक्के, न घेतलेल्यांत 13.1 टक्के. हे वाचून कुणी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन आणू नका हां, डॉक्टरच ठरवतील. सांगायचं एवढंच की दिवस गेलेत कळल्या कळल्या आशाताईंकडं नाव नोंदवलं तरच अशा अभ्यासाचं दार उघडं राहतं.

कागदं फार लागत नाहीत. माता बाल संरक्षण कार्ड, आधार, पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, रक्त-लघवीचे रिपोर्ट, आणि आधी बाळंतपण किंवा गर्भपात झाला असेल तर त्याचं डिस्चार्ज कार्ड. हे डिस्चार्ज कार्ड आपण हमखास हरवतो, एक फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवाच. रिसर्चसाठी सोनोग्राफी केली तरी गर्भलिंग निदान बंदीच्या कायद्याचा एफ फॉर्म भरावाच लागतो, आणि मुलगा का मुलगी हे तिथंही कुणी सांगणार नाही.

आता संमतीपत्र. इथं घाई करू नका. माहितीपत्रक मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, किती वेळा रक्त घेणार, वार किंवा नाळेचं रक्त ठेवून घेणार का, नुसतं निरीक्षण आहे का औषध देणार, सगळं विचारा. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर पाहिजे, मग अंगठा. सही बाईचीच, सासूबाईंनी किंवा नवऱ्यानं हो म्हटलं म्हणजे झालं असं नाही. 18 च्या आतली असेल तर पालकांचीही संमती लागते. नव्या औषधाची ट्रायल असेल तर फॉर्ममध्ये वारसाचं नाव, पत्ता, नातं लिहून घेतात. ते बघून माझी जाऊ घाबरली असती, मीसुद्धा घाबरले असते, पण ते नुकसानभरपाईच्या नियमासाठी असतं. ट्रायलमुळं काही त्रास झाला तर उपचार फुकट मिळायला पाहिजेत. सही केलेल्या कागदाची कॉपी घेतल्याशिवाय उठू नका, त्यावर मुख्य डॉक्टरांचा आणि एथिक्स कमिटीचा (भाग घेणाऱ्यांच्या हक्कांकडे लक्ष ठेवणारी समिती) नंबर असतो. रिसर्चच्या तपासणीचे पैसे द्यायचे नसतात, कुणी मागितले तर त्याच कमिटीला फोन करा. मधेच नको वाटलं तर कधीही बाहेर पडता येतं आणि त्यावरून तुमची नेहमीची ट्रीटमेंट कुणी बंद करू शकत नाही.

औषधाची ट्रायल खरी आहे का हे घरबसल्या बघता येतं. 2009 पासून अशा ट्रायलची सीटीआरआय या सरकारी वेबसाइटवर नोंद सक्तीची आहे, नंबर मागून घ्या, तिथं टाका, कुठल्या दवाखान्यात चालू आहे आणि कोण पात्र हे सगळं दिसतं.

आणि एक, ज्याचा विचार कुणीच आधी करत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सांगलीत नाव दिलं आणि सातव्यात ओटी भरून पोरगी जतला किंवा आटपाडीला गेली की पुढच्या तपासण्या राहतात, बाळंतपण कधी, कसं झालं हेच अभ्यासवाल्यांना कळत नाही. म्हणून नाव देतानाच माहेरचं गाव, आईचा नाहीतर भावाचा फोन नंबर आणि तिकडं कुठल्या दवाखान्यात जाणार ते लिहून द्या, जाण्यायेण्याचं भाडं मिळतं का तेही तेव्हाच विचारा, आणि माहेरी जाताना संमतीपत्राची कॉपी कार्डाच्या पिशवीतच ठेवा.