घरच्या कंदिलाचं किट: कात्री हातात घेण्याआधी एवढं वाचा

नमस्कार. आमचं कंदिलाचं किट घेतल्याबद्दल थँक्यू. डबा उघडला की आधी मुलं बेगडाच्या चमचमत्या पट्ट्या पळवतात, त्या काढून कपाटात वर ठेवा, त्यांचं काम एकदम शेवटी आहे. तोपर्यंत चहा घेऊन हे पत्रक नीट वाचून काढा. यूट्यूबवर व्हिडिओ ढीगभर आहेत पण त्यात नक्षीच जास्त दाखवतात, आणि कंदील बिघडतो तो नक्षीमुळे नाही, तो बिघडतो सांगाड्यात. म्हणून इथे सांगाड्याबद्दलच जास्त लिहिलंय, सजावट तुम्ही तुमच्या मनाने करालच.

डब्यात काय काय आहे: बांबूच्या 26 कामट्या (लागतात 24, दोन जास्तीच्या, कारण एखादी मोडतेच), जाड पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, पतंगी कागदाची 20 बाय 30 इंची तीन शीटं, तिकोनाचा पुठ्ठ्याचा साचा, बेगडाच्या पट्ट्या. होल्डर, वायर आणि बल्ब आम्ही देत नाही, ते तुमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणा, म्हणजे काही बिघडलं तर बदलून तरी मिळेल. खळ घरीच करायची आहे, त्याचं खाली सांगतो.

सांगाडा

आपला नेहमीचा पारंपरिक कंदील लांबून फार किचकट दिसतो, कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. खरं तर तो फक्त सहा चौकोनांचा असतो. चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा, झाल्या 24 कामट्या. हे चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून बांधत गेलं की मधले आठ तिकोन आपोआप तयार होतात, त्यांच्यासाठी वेगळी एकही कामटी लागत नाही. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि चार बाजूंना चार चौकोन टोकावर उभे, शंकरपाळ्यासारखे. एवढं डोळ्यासमोर आलं की अर्धं काम झालं म्हणून समजा.

प्रत्येक कामटी साडेनऊ इंचाची आहे आणि दोन्ही टोकांना पाव इंच सोडून पेन्सिलीची खूण केली आहे. गाठ त्या खुणेवरच आली पाहिजे, म्हणजे खुणेपासून खुणेपर्यंत बरोबर 9 इंच मिळतात. कामटीची एक बाजू गुळगुळीत हिरवट-पिवळी असते, ती बांबूची पाठ, दुसरी बाजू जरा पांढरट आणि खरबरीत, ते पोट. ताकद सगळी पाठीत असते म्हणून पाठ बाहेर ठेवा, कागदही तिच्यावर सुबक बसतो. पुण्यात बुरूड आळीत बांबू तासणाऱ्यांचे हात बघितलेत तर कळेल, ते कामटी नुसती बोटावर फिरवतात आणि पाठ-पोट ओळखतात. आम्ही कामट्या पॉलिश पेपरने घासून देतो तरी एखादं कुसळ राहतंच, लहान मुलांच्या हातात द्यायच्या आधी एकदा बोट फिरवून बघा. फार कडक वाटल्या तर अर्धा तास पाण्यात भिजवा आणि पुसून घ्या.

चौकोन बांधताना दोरा दोन कामट्यांवरून आधी फुलीसारखा तिरका घ्या, मग त्याच गाठीभोवती दोन-तीन वेढे देऊन आवळा. नुसते वेढे दिले तर गाठ सरकते. घरात आजोबा किंवा आजी असतील तर गाठींचं काम बिनधास्त त्यांच्याकडे द्या, आपल्याला झिप टायची सवय लागलीय, त्यांना गाठ येते. चौकोन झाला की टेबलावर ठेवून दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही पावणेतेरा इंचांच्या आसपास आले पाहिजेत. चारही बाजू सारख्या असून चौकोन तिरपा असू शकतो, हे डोळ्याला दिसत नाही, पट्टीला दिसतं. मोजून झालं की गाठीवर फेविकॉलचा एक थेंब टाका आणि वाळू द्या. सहाही चौकोन असेच करा.

आता जोडणी. खालचा चौकोन जमिनीवर ठेवा, त्याच्या चार कोपऱ्यांना चार उभे चौकोन टोकावर बांधा, मग ते शेजारच्या चौकोनाशी मधल्या कोपऱ्यात बांधा, आणि वर शेवटचा चौकोन. एकूण 12 सांधे. प्रत्येक सांध्यात चार कामट्या एकत्र येतात, तिथे घाई करू नका.

आणि आता जे सांगतोय ते सगळ्यात महत्त्वाचं, त्यासाठीच आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात. सांगाडा पूर्ण झाला की तो डुलतो. वरचा चौकोन धरून फिरवला तर अख्खा कंदील पिळल्यासारखा गोल फिरतो आणि खाली बसायला लागतो. लोकांना वाटतं गाठी सैल राहिल्या, मग सगळ्या सोडून परत बांधतात, उगाच. गाठी कितीही घट्ट असू देत, हा आकार नुसत्या कामट्यांवर पीळ घेणारच, कारण तिकोन ताठ असतो पण चौकोनाला स्वतःचा ताठपणा नसतो. त्याला ताठ करतो तो कागद. म्हणजे कागद लावताना सांगाडा जर थोडा पिळलेला असेल तर कंदील तसाच वाकडा वाळतो आणि मग काही केल्या सरळ होत नाही.

उपाय सोपा आहे. कागद लावायच्या आधी प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्णांवर आतल्या बाजूने दोरा ताणून बांधा, फुलीसारखा. तुमचा कंदील आता जागच्या जागी उभा राहील. उंची मोजा, तीही पावणेतेरा इंचच यायला हवी, कारण उभ्या चौकोनाचा कर्ण म्हणजेच कंदिलाची उंची. कमी भरली तर कुठेतरी पीळ आहे. बाजूच्या चौकोनांतले दोरे आतच राहू दिले तरी चालतं, दिवा लावला की अगदी पुसट रेघ दिसते, आम्हाला तर ती आवडते. वरच्या चौकोनातले मात्र कागद वाळल्यावर कापून टाका, बल्ब तिथूनच आत जायचाय.

खळ

फेविकॉल पाणी घालून वापरता येतो पण तो पटकन धरतो, कागद एकदा टेकला की सरकवता येत नाही. खळ दमाने वाळते, तोपर्यंत कागद बोटाने सरकवून ताणता येतो. शिवाय पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने जुना कागद सहज निघून येतो. दोन मोठे चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, दुसरीकडे वाटीभर पाणी उकळायला ठेवा, उकळी आली की त्यात कालवलेला मैदा हळूहळू ओतत ढवळत राहा, गॅस बारीक. पांढरट रंग जाऊन काचेसारखी झाक आली की बंद करा. गार झाल्यावर ती ताकापेक्षा दाट आणि दह्यापेक्षा पातळ हवी. जाड खळ लावली तर कागदावर डाग उठतात, दिव्यात ते फार वाईट दिसतात. खळीत मोरचूद घालायची पद्धत आहे, किडे-झुरळं लागत नाहीत म्हणून, पण मोरचूद विषारी आहे आणि मुलं तीच बोटं तोंडात घालणार, तेव्हा घरी नकोच. ताजी करा, दोन दिवसांत संपवा.

कागद आणि रंग

एका शीटमधून 10 इंचाचे बरोबर सहा चौकोन निघतात, 9 इंचाचा चौकोन आणि चारी बाजूंनी अर्धा इंच दुमडायला. लागतात पाच, कारण वरचा चौकोन उघडाच ठेवायचा. सहावा फाटाफाटीसाठी. दुसरं शीट लांबीत मधोमध दुमडून कापा, 30 इंची दोन पट्टे होतील, त्यावर साचा एकदा सरळ एकदा उलटा असा ठेवत गेलात की एका पट्ट्यात चार, म्हणजे दोन्ही मिळून आठ तिकोन बसतात. साचा नेहमी सरळच ठेवत गेलात तर कागद पुरणार नाही आणि दुकानात जावं लागेल, इशारा दिलाय.

रंग दिवसा उजेडात बघून ठरवू नका. कंदील संध्याकाळी लागतो, कागद आतून उजळतो आणि तेव्हा हिशोब वेगळाच असतो. पिवळा, केशरी, राणी हे रंग दिव्यात उठून येतात, गडद निळा आणि जांभळा उजेड गिळून बसतात, त्यामुळे निळा हवाच असेल तर तिकोनाला घ्या, चौकोनाला नको. मोबाईलचा टॉर्च लावून त्याच्यापुढे कागद धरा, लगेच कळेल. दोन थर दिले तर रंग मिसळतात, निळ्यावर पिवळा ठेवला की हिरवा दिसतो, म्हणून नक्षी कापून दुसऱ्या रंगावर चिकटवायची असेल तर आधी दोन्ही एकत्र टॉर्चवर धरून बघा. बल्बचाही फरक पडतो, पांढऱ्या एलईडीत केशरी जरा फिका पडतो, वॉर्म व्हाइटमध्ये छान खुलतो.

जिलेटिन का दिलं नाही असं बरेच जण विचारतात. जिलेटिन दुकानात भडक मस्त दिसतं, पण त्यातून आतला बल्ब आणि वायर सगळं जसंच्या तसं दिसतं, आणि ते चुरगळलं की सुरकुती जात नाही. पतंगी कागद उजेड पसरवतो. तुम्हाला जिलेटिनच आवडत असेल तर लावा की, कंदील तुमचा आहे. थर्माकोलचं मात्र विचारू नका, 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि आम्हाला तशीही ती कधी आवडली नव्हती.

लावताना आधी समोरासमोरचे दोन उभे चौकोन, मग उरलेले दोन, मग तिकोन, सगळ्यात शेवटी तळ. खळ कागदाला नाही, कामटीला लावा. कागद मधून बाहेर ताणत न्या आणि कडा कामटीवरून आत वळवा, कोपऱ्यात थोडी कातर मारली की घडी पडत नाही. चौकोन आणि तिकोन एकाच सांध्यावर येतात तिथे आधीची कड वाळल्यावरच पुढची लावा. सगळं वाळल्यावर कुठे सैल वाटलं तर स्प्रेच्या बाटलीने लांबून पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, कागद वाळताना आक्रसतो आणि ढोलकीवर टिचकी मारावी तसा टणटण वाजायला लागतो. लाल आणि राणी रंग पाण्याने सुटू शकतात, आधी उरलेल्या तुकड्यावर बघून घ्या. खिडकीत वाळत ठेवू नका, वाऱ्याने एका बाजूला ओढला जातो.

झिरमिळ्या तिसऱ्या शीटच्या. 5 इंच रुंद आणि 30 इंच लांब असे चार तुकडे होतात, वरचे दोन इंच सोडून खाली कात्रीने बारीक पट्ट्या कापत जा, आणि एकेक तुकडा तळाच्या एकेका बाजूला. पट्ट्या बोटभर रुंद पुरे, फार बारीक केल्या तर वाऱ्याने गुंता होतो. आणि मग बेगड, सगळ्या कडांवरून, म्हणजे गाठी आणि कागदाच्या कडा झाकल्या जातात. इथे हात आवरा, हे आमचं वैयक्तिक मत. लेस, टिकल्या, आरसे, घुंगरू सगळं एकाच कंदिलावर आलं की रात्री त्याच्या फक्त काळ्या सावल्या दिसतात.

लावणं आणि काढणं

फक्त एलईडी बल्ब, 5 ते 9 वॅट भरपूर झाला. जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब प्रचंड तापतो, कागद करपतो, पेटूही शकतो. पणती किंवा मेणबत्ती आत अजिबात नाही, फोटोपुरती पण नाही. कंदिलाचं वजन वायरवर येता कामा नये. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे चार दोरे बांधून ते वर एका कडीत गाठा, कडी हुकाला, आणि वायर वेगळी सैल सोडा. बल्ब कागदापासून निदान चार बोटं लांब हवा. जोडणी करताना मेन स्विच बंद करा, उघडी वायर नको, आणि खात्री नसेल तर वायरमन बोलवा, त्यात कमीपणा नाही.

ज्यांची बाल्कनी उंचावर आहे त्यांनी तळाच्या दोन कोपऱ्यांना दोरा बांधून ग्रिलला सैलसर अडकवावा, नाहीतर कंदील रात्रभर ग्रिलवर आपटत राहतो. परतीचा पाऊस आला तर सरळ आत घ्या, पतंगी कागदाला पावसाचं काहीच सोसत नाही. पहाटेचं दंव चालून जातं पण ज्या बाजूला थेट ऊन येतं तिथले रंग त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत फिके होतात, त्याला इलाज नाही.

दिवाळी झाली की कागद भिजवून काढा, कामट्यांवरची खळ पूर्ण पुसा (राहिली तर माळ्यावर झुरळं आणि उंदीर येतात), दोन दिवस सावलीत वाळवा आणि सांगाडा जुन्या चादरीत गुंडाळून ठेवा. पुढच्या वर्षी फक्त कागद लागेल, आमच्याकडे नुसता कागदाचा संच वेगळा मिळतो, अख्खं किट परत घ्यायची गरज नाही. कामटीतून पिवळसर पीठ पडताना दिसलं तर बांबूला कीड लागलीय, ती कामटी फेकून द्या आणि बाकीच्या उन्हात टाका.

डब्यात कामटी मोडलेली निघाली तर फोटो पाठवा, बदलून देतो, पैसे नाहीत. चिकटवताना कागद फाटला तर मात्र तो तुमच्याकडे. परदेशात कुणाला पाठवायचं असेल तर ऑर्डरच्या वेळीच सांगा, कारण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये बांबू-लाकडाच्या वस्तूंचे नियम कडक आहेत, पार्सल अडकू शकतं. अमेरिकेत आपला 230 व्होल्टचा बल्ब चालणार नाही, होल्डर आणि बल्ब तिथलाच घ्या. आणि सोसायटीत किंवा शाळेत एकत्र बसून करणार असाल तर चार जणांत एक किट पुरे, एकाने बांधायचं, एकाने धरायचं, एकाने कापायचं आणि एकाने खळ सांडायची.