प्रत्येक टॉप-ब्रेक म्हणजे वेब्ली नाही!
टॉप-ब्रेक, म्हणजे मधून मोडून गोळ्या भरायचं इंग्रजांचं जुनं आर्मी रिव्हॉल्वर दिसलं की लोक लगेच म्हणतात वेब्ली (ब्रिटिश बंदूक कंपनी) चं आहे, वर्षानुवर्षं हेच चाललंय, पण ते खरं नाहीये. १९३२ ला ब्रिटिश आर्मीने घेतलेलं पॉइंट ३८ मापाच्या गोळीचं रिव्हॉल्वर एनफिल्ड नंबर २ होतं, सरकारच्या स्वतःच्या एनफिल्ड फॅक्टरीतलं. वेब्लीसारखंच दिसतं कारण मूळ डिझाइनमधे वेब्लीचाच हात होता, आणि मग सरकारने ऑर्डर दिली नाही म्हणून वेब्लीने दावा लावला, शेवटी १२५० पौंड मिळाले, मला तर हे फारच कमी वाटतं. ओळखायचं कसं? उजव्या बाजूला फ्रेमवर मुकुट आणि खाली एनफिल्ड कोरलेलं बघा. हॅमरला (गोळीवर आपटणारा मागचा भाग) अंगठ्याने मागे ओढायचं टोक नसेल तर ते तुटलेलं समजू नका, १९३८ चं मॉडेल तसंच बनवलंय.