पेशी मरायचे कधी ठरवते?

सी. एलेगन्स हा जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी आहे. प्रजननपेशी वगळल्या, तर या उभयलिंगी कृमीची वाढ पूर्ण होईपर्यंत त्याच्या शरीरात १,०९० पेशी निर्माण होतात आणि त्यांपैकी १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, जवळजवळ त्याच वेळी. जॉन सल्स्टन यांनी जिवंत कृमींकडे सूक्ष्मदर्शकातून तासन्‌तास पाहत पेशींची ही वंशावळ मांडली. पुढे रॉबर्ट हॉर्विट्झ यांना असे आढळले की, सेड-३ नावाचे जनुक निकामी झाले, तर ज्या पेशींनी मरायचे त्या जगतात. म्हणजे हे मरण अपघाती नव्हते, जनुकांनीच ते ठरवून दिलेले होते. सिडनी ब्रेनर यांच्यासह या दोघांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा मृत्यूला १९७२ मध्ये ‘अपोप्टोसिस’ हे नाव देण्यात आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. इजा होऊन मरणारी पेशी फुगते, फुटते आणि भोवती दाह निर्माण करते. येथे मात्र पेशी आक्रसते, तिच्या डीएनएचे तुकडे होतात, आवरणात गुंडाळलेल्या लहान लहान पुटिका सुट्या होतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळून टाकतात. ही मोडतोड करणारी कॅस्पेज नावाची विकरे निष्क्रिय रूपात पेशीत आधीपासूनच असतात. त्यांना जागे करणारा एक संकेत तर मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून, निसटलेल्या सायटोक्रोम सी या प्रथिनाकडून येतो, आणि गंमत अशी की, एरवी ऊर्जानिर्मितीसाठी याच प्रथिनावाचून पेशीचे चालत नाही. ही गळती बीसीएल-२ हे प्रथिन रोखून धरते.

विभाजनावरही असाच पहारा असतो. सायक्लिन प्रथिने ठरावीक टप्प्यावर साठतात, विभाजन पुढे ढकलणाऱ्या आपल्या जोडीदार किनेज विकरांना कार्यान्वित करतात आणि मग नष्ट होतात. ही यंत्रणा इतकी प्राचीन आहे की, पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेत १९८७ मध्ये यीस्टमधील बिघडलेल्या किनेज-जनुकाच्या जागी मानवी जनुकाने काम निभावून नेले.

या दोन्ही यंत्रणा पी५३ या प्रथिनापाशी एकत्र येतात. डीएनएला इजा झाली की पी५३ ची पातळी वाढते. ते पी२१ प्रथिनाकरवी विभाजन थांबवते आणि त्यामुळे दुरुस्तीला वेळ मिळतो. पण इजा फार असेल, तर तेच पेशीला मृत्यूच्या वाटेवर लावते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पी५३ चे जनुक बिघडलेले आढळते.

कर्करोग म्हणजे बेसुमार विभाजन, असे आपण सहज म्हणतो. पण माझ्या मते हे अर्धेच सत्य आहे. लसिका ग्रंथींच्या एका कर्करोगात गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे बीसीएल-२ चे जनुक या पेशींत सतत सक्रिय असणाऱ्या प्रतिपिंडाच्या जनुकाशेजारी जाऊन बसते आणि हे प्रथिन भरमसाट तयार होऊ लागते. त्यामुळे पेशींच्या विभाजनाचा वेग वाढतो असे नाही. त्या मरत नाहीत, म्हणून साचत जातात. याच प्रथिनाला निष्प्रभ करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध अमेरिकेत २०१६ मध्ये एका दीर्घकालीन रक्तकर्करोगासाठी मान्य झाले. त्याने कर्करोगपेशी इतक्या झपाट्याने मरू शकतात की, त्यांच्यातून रक्तात उतरणारे पोटॅशियम आणि इतर घटकच रुग्णाच्या जिवावर बेततात. म्हणून या आजारात औषधाची मात्रा पाच आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी लागते.