जुन्या मोटारीतील तापमानदर्शकाचे दोष व तपासणी

इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याचे किंवा कूलंटचे तापमान डॅशबोर्डवर काट्याने दाखवणारे उपकरण म्हणजे तापमानदर्शक. गॅरेजच्या भाषेत टेंपरेचर मीटर. क्लासिक गाड्यांत हा काटा भलतीकडेच उभा राहतो, ही नेहमीची तक्रार. काटा खोटा बोलतोय की इंजिन खरोखरच तापलेय, हे ठरवल्याशिवाय पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ नसतो. तरीही बहुतेकजण आधी डॅशबोर्ड उघडतात आणि बरेचदा चांगला मीटर बिघडवून बसतात.

अगदी सुरुवातीच्या मोटारींत मीटर नसायचाच. १९१० च्या दशकात रेडिएटरच्या टोपणावर बसणारे ‘बॉइस मोटोमीटर’ आले. ते पाण्यावरच्या वाफेचे तापमान दाखवी आणि चालकाला ते काचेतून समोर दिसे. पुढे उपकरण डॅशबोर्डवर आले आणि त्याचे दोन मुख्य वंश तयार झाले, नळीचा आणि विजेचा. आपल्या गाडीत यांपैकी कोणता आहे हे ओळखले की निम्मे काम होते, कारण दोघांची दुखणी वेगळी.

नळीच्या मीटरमध्ये इंजिनात बसणारा छोटा धातूचा फुगा, त्यातून निघणारी केसासारखी बारीक नळी आणि मीटरच्या पोटातली वाकडी चपटी नळी अशी बंद साखळी असते. ही वाकडी नळी फ्रेंच अभियंता यूजेन बूर्दाँ याची. तिचे पेटंट १८४९ चे. आत बहुधा ईथर असते. फुगा तापला की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो, वाकडी नळी किंचित उलगडते आणि काटा सरकतो. वाफेचा दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, म्हणून या मीटरवरच्या खुणा थंड बाजूला दाटीने आणि गरम बाजूला ऐसपैस असतात. तो दोष समजू नये. नळी चिरली की ईथर उडून जाते आणि काटा तळाला बसतो तो कायमचा. मोटारीच्या कंपनांनी नळी तुटू नये म्हणून कारखान्यात तिला एक वेटोळे दिलेले असते. नीटनेटकेपणाच्या हौसेने ते सरळ करणे म्हणजे पुढच्या बिघाडाची सोय. फुटलेल्या नळीला नवा फुगा जोडता येतो, पण ईथर अत्यंत ज्वालाग्राही असल्याने डाख देण्याचे हे काम जाणकाराकडेच सोपवलेले बरे. काटा सगळीकडे सारख्याच फरकाने चुकत असेल, तर तो आपल्या दांड्यावर सरकला असण्याची शक्यता जास्त.

विजेच्या मीटरमध्ये इंजिनात सेंडर, म्हणजे तापमान विजेने मीटरला कळवणारा भाग, बसतो. त्यातल्या थर्मिस्टरचा रोध थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी होतो. रोध घटला की प्रवाह वाढतो. तो प्रवाह मीटरमधल्या द्विधातूच्या (दोन वेगळे धातू जोडलेल्या) पट्टीभोवतीच्या तारेला तापवतो, पट्टी वाकते आणि काटा हलतो. त्यामुळे हा काटा आळशी असतो. किल्ली फिरवल्यावर जागेवर यायला वेळ घेतो. वीजदाब वरखाली झाला तर वाचनही वरखाली होईल, म्हणून मध्ये एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. ब्रिटिश ‘स्मिथ्स’च्या मीटरमध्ये तो सरासरी १० व्होल्ट देतो, फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत सुमारे ५. तो प्रवाह सतत जोडतो-तोडतो, त्यामुळे डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नाचताना दिसले तर घाबरायचे कारण नाही.

या स्टॅबिलायझरवरच पेट्रोलचा मीटरही चालतो, आणि निदानाची सर्वांत स्वस्त खूण इथेच मिळते. टाकी अर्धी असताना पेट्रोलचा काटा भरलेली दाखवतोय आणि तापमानाचाही वर चढलाय, तर इंजिनाकडे न जाता आधी स्टॅबिलायझरचे अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेला विजेचा जोड, पाहावे. अर्थ तुटला की तो प्रवाह तोडायचे थांबवतो आणि दोन्ही मीटरना बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो. दोन्ही काटे खाली राहिले तर पुरवठा कमी पडतोय. फक्त तापमानाचाच काटा चुकत असेल, तर दोष सेंडर, त्याची वायर किंवा मीटर यांतला.

खरे तापमान कळण्यासाठी स्वतंत्र मापन हवे. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून पाण्यात थर्मामीटर सोडावा आणि मग इंजिन चालू करावे. तापलेल्या इंजिनावर झाकण कधीही उघडू नये. इन्फ्रारेड थर्मामीटर सोयीचा, पण चकचकीत ॲल्युमिनियम किंवा पितळेवर तो खूपच कमी आकडा दाखवतो. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणाऱ्या झडपेच्या) घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तिथे नेम धरला की आकडा विश्वासाचा होतो. तरीही पृष्ठभाग आतल्या पाण्यापेक्षा काही अंश थंडच असतो.

इथे अनेकदा असे निघते की काटा खराच होता. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर काटा मोकळ्या रस्त्यावर थंडाकडे झुकतो आणि वाहतुकीत अडकल्यावर वर येतो. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तो काढून पाण्यात तापवला की त्या आकड्याच्या आसपास उघडू लागताना डोळ्यांनी दिसतो.

सेंडरची चाचणीही भांड्यातच होते. सेंडर तारेने असा टांगावा की तो तळाला टेकणार नाही, कारण तळ पाण्यापेक्षा गरम असतो. गाडीची वायर त्याला जोडलेलीच ठेवावी आणि त्याच्या पितळी अंगापासून इंजिनापर्यंत दुसरी वायर न्यावी. शेजारी थर्मामीटर ठेवून ६०, ८० आणि ९० अंशांना काटा कुठे येतो ते टिपावे. उकळत्या पाण्याला १०० अंश धरणार असाल तर उंची लक्षात घ्या. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. या एका चाचणीत सेंडर, वायर आणि मीटर अशी पूर्ण साखळी तपासली जाते.

भांड्यात बरोबर आणि गाडीत चूक असे झाले, तर सेंडरचे अर्थिंग पाहावे. आट्यांवर टेफ्लॉन पट्टीचे जाड थर दिले असतील तर काटा कमी दाखवू शकतो. गंजलेल्या जोडाचेही तसेच. सेंडरचा रोध थंडीत इतका मोठा असतो की जोडातले दहा-वीस ओहम दिसतही नाहीत. तापल्यावर मात्र तेच ओहम काटा खाली ओढतात. उलट, वायर चिरून बॉडीला टेकली की काटा टोकाला जातो. ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या ल्युकास कंपनीच्या रंगसंकेतात सेंडरची वायर हिरवी-निळी असते. ती सेंडरवरून काढल्यावर काटा थंडाकडे पडला आणि क्षणभर इंजिनाला टेकवल्यावर वर चढू लागला, तर मीटर जिवंत आहे. द्विधातूच्या मीटरला थेट १२ व्होल्ट देऊन ‘तपासणे’ मात्र त्याची तार जाळणे ठरते.

सगळे ठीक असूनही काटा सतत वर राहत असेल, तर संशय नव्या सेंडरवर घ्यावा. आटे तेच, पण रोधाचा आलेख वेगळा, असे सुटे भाग सर्रास मिळतात. वायरमध्ये रेझिस्टर ओवून काटा खाली आणता येतो, पण ते वाचन एकाच तापमानाला बरोबर येते, जुगाडच तो.

सर्वांत फसवा प्रसंग पाणी गळून गेल्याचा. चढलेला काटा अचानक थंडाकडे उतरतो, कारण सेंडर आता पाण्याऐवजी रिकाम्या पोकळीत असतो. अशा वेळी गाडी लगेच थांबवावी.

मीटरच्या आत शेवटी जावे. स्मिथ्सच्या द्विधातूच्या मीटरमागे दोन छोटी भोके असतात. आतल्या दातेरी पट्ट्या हलवून काट्याची दोन्ही टोके जुळवता येतात. स्टॅबिलायझर बदलून इलेक्ट्रॉनिक बसवायचा असेल तर गाडीचे अर्थिंग धन की ऋण, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे, हे आधी पाहावे. जुन्याला त्याने फरक पडत नसे, नवा उलटा जोडला की जळतो.