दप्तरात बायका सापडत नाहीत? कुठे शोधताय?

‘मुंबईच्या जुन्या दप्तरांत बायकांची, दलितांची नोंदच नाही’ हे वाक्य व्याख्यानांतून इतकं फिरलंय की कुणी तपासायच्या फंदात पडत नाही. नोंद आहे, त्यांच्या नावाने लावलेली नाही, एवढंच.

काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुने सरकारी कागद जपणारं ठिकाण, आहे. तिथली दप्तरं सरकारी खात्यांप्रमाणे लावलेली: महसूल, न्याय वगैरे. ‘स्त्रिया’ असं खातं इंग्रज सरकारात नव्हतंच, मग सूचीत येणार कुठून? गिरणीतली बाई हवी तर कारखाना कायद्याचे कागद काढा. १८९१च्या कायद्याने बायकांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. गिरणीत बायकाच नसत्या तर हा खटाटोप कुणासाठी? वाइंडिंग-रीलिंगमध्ये, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत, त्याच होत्या, वर देखरेखीला नायकीण, म्हणजे बाई मुकादम. वारसाहक्काच्या अर्जांत ‘अमक्याची विधवा’ दिसली की पान उलटू नका, तीच तुमची बाई.

कागदावर आलंच नाही, ही सबबही पुरत नाही. लेखिका ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून बोलतं केलं. त्यातून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ला छापून आलं. मुंबईचीच ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८पासून बायकांचे आवाज आणि छायाचित्रं जमवतेय.