पृथ्वीच्या चुंबकत्वावर फिरलेली तार

विजेच्या मोटरची सुरुवात सप्टेंबर १८२१ची. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला, वरून तार सोडली, बॅटरी जोडली आणि तार चुंबकाभोवती गोल फिरू लागली. ही गोष्ट शाळेत शिकवतात. त्याच वर्षीच्या नाताळात त्याने जे केले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि मला तो प्रयोग अधिक मोठा वाटतो.

फॅरडेने चुंबकच काढून टाकला. पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे, हे विल्यम गिल्बर्टने १६००मध्येच मांडले होते. लंडनला मोकळी टांगलेली चुंबकसूची त्या काळी जमिनीकडे जवळजवळ ७० अंशांनी झुकत असे, म्हणजे तिथले चुंबकीय क्षेत्र बरेचसे उभेच होते. फॅरडेने बारीक तार तिरकी टांगून तिचे खालचे टोक पाऱ्यात बुडवले. प्रवाह सुरू होताच तार फिरू लागली, तीही केवळ पृथ्वीच्या चुंबकत्वावर! त्याचा मेहुणा जॉर्ज बर्नार्ड त्या वेळी तिथेच होता. फॅरडेला झालेल्या आनंदाची आठवण त्याने पुढे सांगून ठेवली आहे.

मग आपले पंखे या क्षेत्रावर का फिरत नाहीत? पृथ्वीच्या पृष्ठभागावर हे क्षेत्र २५ ते ६५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राची ताकद मोजायचे एकक) इतकेच असते. ४० मायक्रोटेस्ला क्षेत्रात एक मीटर तारेतून एक अँपियर प्रवाह सोडला, तर तारेवर येणारा जोर जेमतेम ४ मिलिग्रॅम वजनाइतका. १८२५मध्ये विल्यम स्टर्जनने विद्युतचुंबक, म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती तार गुंडाळून विजेवर चालणारा चुंबक, बनवला आणि मोटर बनवणारे लोखंडी गाभ्याकडे वळले. 'पृथ्वीच्या चुंबकत्वातून फुकट वीज' असे दावे करणारे यंत्र कोणी दाखवले, तर फॅरडेची बॅटरी आठवावी. तार फिरवणारी ऊर्जा बॅटरीतून येत होती. पृथ्वीचे क्षेत्र फक्त रेटा द्यायला आधार देत होते.

हे क्षेत्र इतके क्षीण, की विजेवर चालणारी वाहने त्याचे मोजमापच बिघडवतात. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून त्याच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर हे काम १९०४मध्ये अलिबागला हलवावे लागले.

अंतराळात चित्र पालटते. तिथे घर्षण नाही, त्यामुळे किरकोळ जोरही पुरतो. तारेच्या वेटोळ्यात प्रवाह सोडला की वेटोळे पृथ्वीच्या क्षेत्राशी जुळायला बघते आणि त्यासोबत अख्खा उपग्रह वळतो. हबल दुर्बिणीतही अशी साधने आहेत. १९९६मध्ये कोलंबिया यानातून सुमारे २० किलोमीटर लांब तार सोडण्यात आली. ती क्षेत्र छेदत गेल्याने तिच्यात ३,५०० व्होल्टच्या आसपास दाब निर्माण झाला. मोटरचेच हे उलटे रूप. पुढे ठिणगीने तार जळून तुटली. अशाच तारेत बाहेरून प्रवाह ढकलला तर तिच्यावर येणारा जोर यानाची कक्षा उंचावू शकतो.

आपल्याकडे २०१६मध्ये उडालेल्या विद्यार्थी-उपग्रहांपैकी दोन पाहा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या 'स्वयम्'मध्ये साधा कायम चुंबक होता, चुंबकसूचीसारखा. आयआयटी मुंबईच्या 'प्रथम'मध्ये मात्र प्रवाहाने चालणारी वेटोळी होती. अशा वेटोळ्यांची एक अडचण आहे: क्षेत्राच्या दिशेभोवती ती उपग्रहाला फिरवू शकत नाहीत. पण उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत असला, तर क्षेत्राची दिशा सतत बदलत जाते, आणि विषुववृत्तावर जे वळण जमत नाही ते ध्रुवाजवळ जमून जाते.