रंगखूण (हत्यारांची)

वर्कशॉपमधल्या हातहत्यारांना, म्हणजे पाने, पकडी, डिसमिस, कानशी, छिन्न्या, हातोड्या वगैरेंना, ओळखण्यासाठी दिलेला रंग किंवा रंगाचा पट्टा. बडोद्याकडे मराठी कारीगरसुद्धा स्क्रूड्रायव्हरला गुजरातीसारखं डिसमिसच म्हणतो आणि सगळ्या हत्यारांना मिळून पानापक्कड, म्हणून इथेही तेच शब्द ठेवलेत. रंगखुणेचे ढोबळ दोन प्रकार. एक कंपनीतूनच येते ती, तिला काहीतरी ठरलेला अर्थ असतो (निदान असायला हवा), आणि दुसरी कारीगर स्वतः ब्रशने फासतो ती, जिचा अर्थ त्या शेडच्या दारापर्यंतच चालतो. दोन्ही एकाच दांड्यावर आल्या की घोळ.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. हल्ली रंगखूण म्हटलं की फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी पद्धत, आठवतं. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके ही ती पाच जपानी नावं, आणि त्यातल्या सेइतोनमध्ये, म्हणजे प्रत्येक वस्तूला तिची जागा ठरवण्यात, शॅडो बोर्ड येतो. फळ्यावर हत्याराची आकृती रंगवायची, हत्यार नेलं की रिकामी आकृती लांबूनच दिसते आणि बारा-तेरा (एका टोकाला १२, दुसऱ्याला १३ मिमीचं तोंड असलेला पाना) जागेवर नाहीये हे न विचारता कळतं. आपल्याकडे हे साधारण १९८० नंतर जपानी भागीदारीतल्या कारखान्यांबरोबर पसरलं असं धरतात (मारुतीची पहिली गाडी डिसेंबर १९८३ ची), म्हणून रंगखूणही तिकडचीच असं पुष्कळजण लिहून मोकळे होतात. हे अर्धंच पटतं. टूलरूममधली, म्हणजे हत्यारं ठेवून वापरायला द्यायच्या खोलीतली, पितळी बिल्ल्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची, आपल्या नंबरचा बिल्ला खुंटीवर अडकवायचा आणि हत्यार न्यायचं, संध्याकाळी बिल्ला लटकलेला दिसला की मागणी सुरू. आणि जिथे टूलरूमच नाही, कारीगर घरून स्वतःची पेटी आणतो, तिथे दांड्यावर पंचाने नाव ठोकायचं नाहीतर रंगाचा पट्टा ओढायचा, हे अदलाबदल आणि चोरी टाळायला कोणालाही सुचेल असं काम आहे, त्यासाठी जपानपर्यंत जायची गरज नव्हती. जागा दाखवणारा रंग बाहेरून आला आणि मालक दाखवणारा घरचाच, असं म्हणणं जास्त बरोबर दिसतं.

बडोद्यातलं म्हणून इथे कलाभवनाचं नाव घ्यायचा मोह होतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये ते सुरू केलं, त्रिभुवनदास गज्जर हे रसायनवाले त्याचे पहिले प्रमुख, आणि रंग हा तिथे खरोखरच शिकवायचा विषय होता. पण तो कापड रंगवायचा रंग. पान्याच्या दांड्यावरच्या रंगाला त्याच्याशी जोडणं म्हणजे ओढूनताणून आणलेलं नातं. (पुढे त्याच कलाभवनातून महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी आणि इंजिनिअरिंगची फॅकल्टी झाली.)

कंपनीच्या रंगांमध्ये सगळ्यात पक्की रूढी पत्र्याच्या कात्रीची, जिला एव्हिएशन स्निप म्हणतात. लाल मुठीची डावीकडे वळत कापते, हिरवी उजवीकडे, पिवळी सरळ. डावं-उजवं हे कापाच्या वळणाचं आहे, हाताचं नाही. लाल म्हणजे डावखुऱ्यांची, हा समज इतका पसरलाय की दुकानदारही कधीकधी तसंच सांगून विकतो. हे रंग का, यावर बराच काथ्याकूट होतो. नेहमीचं उत्तर असं की जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा आणि उजव्या अंगाला हिरवा, विमानाच्या पंखांच्या टोकांनाही तेच, आणि ही कात्री विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विमानाचा ॲल्युमिनियम पत्रा कापायला बनली, तेव्हा रंग तिथूनच उचलले. जहाजाच्या दिव्यांचा नियम इंग्रजांकडे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बसत गेला आणि १८८९ च्या वॉशिंग्टन परिषदेत देशोदेशीचे लोक समुद्रावरच्या अशा नियमांवर एकत्र बसले, म्हणजे कात्रीच्या वेळेला तो चांगला मुरलेला होता, काळ जुळतो. दुसरं मत असं की एका कंपनीने रंग दिले, खप झाला, बाकीच्यांनी नक्कल केली, दिव्यांची गोष्ट मागाहून चिकटली. पहिल्या मताच्या बाजूने एक गोष्ट मात्र जड आहे, ती म्हणजे नुसतीच नक्कल असती तर निळा-पिवळा का नाही, नेमका लाल-हिरवाच का, आणि तोही दिव्यांच्याच बाजूंनी? योगायोग म्हणायला जरा जास्तच आहे. पण विमानवाल्यांची सवय आणि कंपन्यांची नक्कल ही दोन कारणं एकमेकांना कापतही नाहीत, पहिली आधी आणि दुसरी नंतर असं सहज झालेलं असू शकतं. असो. डक्टिंगवाल्या, म्हणजे हवा खेळवायचे पत्र्याचे नळ बनवणाऱ्या, पोरांना यातलं काही माहीत नसतं आणि त्यांचं काही अडत नाही, मऊ पोलादाचा १८ गेजपर्यंतचा पत्रा ती कात्री कापते, त्याहून जाड घातला की जबडा उघडा पडतो.

इंच आणि मिलिमीटर वेगळे दाखवणं हा रंगाचा सगळ्यात उपयोगी वापर, आणि त्यातच सगळ्यात कमी एकवाक्यता. गायकवाडी काळात आलेली मशीनं बहुतेक विलायती, म्हणजे बोल्ट इंचातले. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण कायद्याने बोल्ट बदलत नाहीत, त्यामुळे दोन्ही मापांचे पाने एकाच पेटीत वर्षानुवर्षं नांदले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की घसरतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. पाऊण इंच १९.०५ म्हणजे तिथे १९ चालून जातो, म्हणून माणसाला वाटतं बाकीचेही चालतील. व्हिटवर्थचं, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची बोल्टांच्या मापाचं, तर आणखी उलटं, पान्यावर लिहिलेलं माप बोल्टच्या जाडीचं, तोंडाचं नाही. पाव इंच व्हिटवर्थचं तोंड भरतं सुमारे १३.३ मिमी. अशा ठिकाणी इंचाच्या सगळ्या पान्यांना एक रंगाचा पट्टा मारला की अर्धी भांडणं मिटतात. कोणता रंग, यावर मात्र कंपन्यांचंच जमत नाही, एकीचा निळा मेट्रिक तर दुसरीचा लाल. षटकोनी किल्ल्यांच्या, म्हणजे ॲलन कीच्या, रंगीत सेटचंही तसंच, एका ब्रँडचा ५ चा हिरवा, दुसऱ्याच्या सेटमध्ये हिरवा भलत्याच मापाचा. दोन सेट एका डब्यात पडले की रंगापेक्षा नुसतं लोखंड बरं.

इलेक्ट्रॉनिक्सवाले काहीजण रेझिस्टर या सर्किटमधल्या भागावरच्या रंगपट्ट्यांचाच कोड पान्यावर आणतात: काळा ०, तपकिरी १, लाल २, केशरी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. म्हणजे १३ चा पाना तपकिरी-केशरी, १७ चा तपकिरी-जांभळा. पद्धत चोख आहे पण काळवंडलेल्या दांड्यावर तपकिरी कोण ओळखणार.

इन्सुलेटेड हत्यारांमध्ये रंग जिवाशी खेळतो. बडोदा ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचं गाव, त्यामुळे इथे हे कळलेलं बरं. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे हत्यार १००० व्होल्ट एसी आणि १५०० व्होल्ट डीसीसाठी असतं, चाचणी १०,००० व्होल्टवर होते, आणि मुठीवर एकावर एक दोन त्रिकोणांची खूण असते. पुष्कळ हत्यारांवर दोन थर दिलेले असतात, वरचा लाल आणि आतला पिवळा, पिवळा दिसायला लागला की हत्यार संपलं असं समजायचं. पण मूठ लाल-पिवळी आहे म्हणून हत्यार इन्सुलेटेड असं उलटं नाही, साध्या पक्कडीला प्लॅस्टिकची रंगीत टोपी चढवलेली असते ती पकड चांगली यावी म्हणून. आणि खऱ्या इन्सुलेटेड मुठीवर कोणी आपला मालकीचा पट्टा ओढला तर चीर झाकली जाते. तिथे रंग लावूच नये, फार तर पेटीवर नाव घालावं.

रंगांधळेपणाबद्दल वर्कशॉपवाले फारसे बोलत नाहीत. रेल्वेला ते परवडत नाही, १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे गाड्यांची टक्कर झाली त्यानंतर होल्मग्रेन या स्वीडिश शरीरशास्त्रज्ञाने लोकरीच्या रंगीत गुंड्या लावून तपासणी सुरू केली, पुढे १९१७ च्या सुमारास इशिहाराच्या ठिपक्यांच्या पाट्या आल्या, आणि आजही रेल्वेत सिग्नलशी संबंध येणाऱ्या नोकरीला डोळ्यांची ती परीक्षा द्यावी लागते. खाजगी शेडमध्ये अशी परीक्षा कोण घेतो? उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये शंभरात साधारण ८ जणांना लाल-हिरव्यात फरक कळायला त्रास होतो, आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी सापडतं, तरी वीस-पंचवीस माणसांच्या खात्यात एखादा निघू शकतो. कात्रीचे रंग तर नेमके लाल आणि हिरवे. उपाय साधा, रंगाबरोबर कानशीने एक खाच, दोन खाचा. गॅस वेल्डिंगमध्ये हे आधीपासून आहे. ॲसिटिलीनचं सिलिंडर मरून (तपकिरी-लाल) रंगाचं, होज म्हणजे रबरी नळी लाल, पण त्याशिवाय नटाला आटे उलटे आणि कडेला खाच. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं आणि होज निळा, म्हणजे तिथे रंगातही मेळ नाही, तरी चूक होत नाही कारण नट बसतच नाही.

रंग लावायची रीत. बहुतेक रंग सहा महिन्यांत उडतो तो रंग वाईट म्हणून नाही, दांडा तेलकट असताना लावला म्हणून. आधी केरोसीनने पुसायचं, मग केरोसीनचाही ओशटपणा थिनरने काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, दोन बाजूंना मास्किंग टेप गुंडाळून मधला बोटभर पट्टा उघडा ठेवायचा, एनॅमलचे दोन पातळ हात द्यायचे आणि दांडा तारेला टांगून रात्रभर सुकू द्यायचा. टेप रंग अर्धओला असतानाच काढायची, नाहीतर कड उपटून येते. भारतीय मानक ५ मध्ये रंगांना नंबर आहेत, सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६, डबा घेताना नंबर सांगितला तर पुढच्या वर्षी तोच रंग मिळतो. इन्सुलेशन टेप गुंडाळणं सोपं, पण डिझेल लागलं की चिकट होऊन हाताला येते. पान्याच्या तोंडात, रिंगच्या आत, मोजमापाच्या हत्याराच्या टेकायच्या जागी आणि छिन्नीच्या डोक्यावर रंग नको, छिन्नीचं डोकं फुलून त्याला तडा गेलेला असेल तर तो दिसला पाहिजे. मराठी कारीगर हे काम खंडेनवमीच्या आधी उरकतात, हत्यारं तेव्हा घासूनपुसून पूजेला काढायचीच असतात.

माल उचलायचे कापडी पट्टे, म्हणजे स्लिंग, हातहत्यारांत मोडत नाहीत, पण त्यांचाही रंग पेटीशेजारीच टांगलेला असतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका शेडच्या भिंतीवर हे सगळं एका ओळीत लटकलेलं बघायला मिळालं, हिरवी कात्री म्हणजे उजवीकडे, हिरवा पट्टा म्हणजे २ टन, आणि हिरव्या रेघेचा सोळा-सतरा म्हणजे शेजारच्या शेडमधून मागून आणलेला, अजून परत न केलेला.